सहाशेचं तिकीट सातशे आठला

मुंबईत संगीताचा किंवा नृत्याचा एखादा प्रयोग पाहायला चौघांच्या कुटुंबाला किती खर्च येतो? दोन हजारांत भागतं आणि वीस हजारही लागतात. शिवाजी मंदिरला किंवा पार्ल्याच्या दीनानाथला संगीत नाटक लागलं, तर पुढच्या रांगा साधारण पाचशेला आणि बाल्कनी तीनशेच्या आसपास मिळते. बीकेसीत नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरच्या दोन हजार खुर्च्यांच्या ग्रँड थिएटरात परदेशी म्युझिकल आलं, की पुढच्या खुर्च्यांचे दर काही हजारांत जातात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत दर कार्यक्रमागणिक बदलतात, तिथे एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही.

दर पाहताना आधी पाचशेची रेघ लक्षात घ्या. नाटक, नृत्य किंवा गाण्याच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर जीएसटी नाही. एक रुपया वर गेला, की १८ टक्के लागतो आणि तोही वरच्या रुपयावर नव्हे, पूर्ण रकमेवर. म्हणजे पाचशेची चार तिकिटं दोन हजारांना. सहाशेची चार मात्र चोवीसशेला नाहीत, २,८३२ रुपयांना. जाहिरातीत ‘कर अतिरिक्त’ असं बारीक अक्षरात असतं, ते वाचूनच हिशेब करा. पाचशेच्या जरा वरचं तिकीट हा माझ्या मते सगळ्यांत वाईट सौदा. एक तर पाचशेत थांबावं, नाही तर खरोखर चांगली जागा मिळेल इतकं वर जावं.

ऑनलाइन नोंदणीत यावर सुविधा शुल्क बसतं, तेही प्रत्येक तिकिटामागे, आणि त्या शुल्कावर पुन्हा १८ टक्के. तिकीट करमुक्त असलं तरी हे सुटत नाही. पैसे भरायच्या पानावर देणगीची एखादी छोटी रक्कम आपोआप जोडलेली दिसली, तर ती काढून टाका. न विचारता अशी भर घालणं आणि खरी किंमत शेवटच्या पानापर्यंत दडवणं, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या प्रकारांत धरल्या आहेत. मराठी नाट्यगृहांत मात्र तिकीटखिडकी अजून जिवंत आहे. सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळेत ती उघडते. शुल्क वाचतंच, शिवाय समोरच्या प्लॅनवर बोट ठेवून खांब कुठे आणि कोपरा कुठे, हे विचारता येतं.

आता खुर्ची. इथे बहुतेक लोक पैसे चुकीच्या जागी घालतात. महाग म्हणजे पुढची आणि पुढची म्हणजे चांगली, असं नृत्याला लागू पडत नाही. रंगमंच उंच असेल तर पहिल्या रांगेतून नर्तकीची पावलं धड दिसत नाहीत. कथकला जाऊन पायच दिसले नाहीत, तर काय पाहिलं? समूहनृत्यात रचना महत्त्वाची असते, आणि ती बाल्कनीच्या पहिल्या दोन रांगांतून उत्तम दिसते, तीही कमी पैशांत. लावणीचं उलट आहे. तिथे अदा, डोळे आणि भुवया पाहायच्या असतात, तेव्हा पुढे बसा आणि पैसे मोजा. संगीत नाटकात ऑर्गन-तबल्याची साथ पुष्कळदा रंगमंचापुढे खालीच बसलेली असते. अगदी कडेची खुर्ची घेतली, तर नाट्यपदाऐवजी तबलाच ऐकून घरी याल. परदेशी धाटणीच्या म्युझिकलमध्ये सगळं माइकवर असतं. ध्वनिसंयोजकाचं टेबल बहुधा खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला असतं. तो जे ऐकतो त्यावरूनच आवाज जुळवतो, म्हणून त्याच्या आसपासच्या मध्यम दराच्या खुर्च्या हुशारीच्या. एनसीपीएचं टाटा थिएटर (१९८०) तर भारतीय संगीत ध्वनिवर्धकाशिवाय सगळीकडे पोहोचावं, या हेतूनेच बांधलं गेलं. तिथे गाणं ऐकायला स्वस्त खुर्ची घेण्यात काहीच कमीपणा नाही.

परतीचा प्रवास बऱ्याच जणांच्या हिशेबात नसतो. बीकेसी, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर आणि एनसीपीए ही तिन्ही ठिकाणं आता भुयारी मेट्रो-३ मुळे सोपी झाली आहेत. त्यांसाठी अनुक्रमे बीकेसी, सिद्धिविनायक आणि विधान भवन या स्थानकांवर उतरायचं. पूर्ण मार्गाचं तिकीट ७० रुपये. पण शेवटची गाडी टोकाच्या स्थानकांवरून रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, आणि साडेसातचा दोन अंकी प्रयोग त्याच वेळेला संपतो. ती चुकली की टॅक्सी आली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये, रिक्षाचं २६, आणि मध्यरात्रीनंतर २५ टक्के जादा. ॲपवरच्या गाड्या तर प्रयोग सुटतानाच दर चढवतात. डोंबिवली-विरारकडच्या मंडळींनी म्हणूनच दुपारचा प्रयोग धरावा. त्यात वाचलेल्या पैशांत एक तिकीट निघतं.

मध्यंतराचा खर्च शिवाजी मंदिरला बटाटावडा आणि चहात उरकतो. बीकेसीत तो आकडा तिकिटाशी स्पर्धा करू शकतो, तेव्हा जेवूनच जा. लहान मुलांचं वय आणि तिकीट याबद्दलचा नियम प्रत्येक प्रयोगाचा वेगळा असतो. नोंदणीआधी विचारा, दारात वाद घालून उपयोग होत नाही.

पैसे कमी असतील तर वाटा आहेत. राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेचं तिकीट नाममात्र असतं आणि हौशी संस्थांची तयारी कित्येकदा थक्क करते. काळा घोडा महोत्सवात नृत्य-संगीताचे कार्यक्रम विनामूल्य असतात. एनसीपीएचं सभासदत्व वर्षाला दोन-तीनच कार्यक्रम पाहणाऱ्याने घेऊ नये. ते नेहमी जाणाऱ्यांसाठी आहे.

काढलेलं तिकीट तुम्ही रद्द करू म्हणाल, तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. आयोजकांनी प्रयोगच रद्द केला, तर मात्र परतावा मागा. टाळाटाळ झाली, तर तिकिटाचा संदेश आणि पैसे भरल्याची पावती हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.