मलातील गुप्त रक्ताची तपासणी

पचनमार्गात रक्तस्राव होत असला, तरी तो डोळ्यांना दिसेलच असे नाही. रोज थोडेसे रक्त मलात मिसळत असले, तर मलाचा रंगही बदलत नाही. रोग्यास थकवा जाणवतो, धाप लागते, चेहरा फिकट पडतो. तो शक्तिवर्धक औषधे घेत राहतो आणि मूळ दुखणे मात्र आत वाढत जाते. असे गुप्त रक्त उघड करणारी साधी तपासणी उपलब्ध आहे.

तिची जुनी पद्धत ग्वायकम वृक्षाच्या राळेवर आधारलेली आहे. राळयुक्त कागदावर मलाचा पातळ लेप देऊन हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाकतात. रक्त असल्यास निळा रंग उमटतो. तांबडे मांस, सलगम, मुळा यांमुळेही हा रंग येऊ शकतो. उलट, क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांमुळे रक्त असूनही तो येत नाही. म्हणून आधी ३ दिवस पथ्य पाळावे लागते. नव्या पद्धतीत मानवी हीमोग्लोबिन ओळखणारी प्रतिपिंडे वापरतात. तिला आहाराचे पथ्य नाही. परंतु जठरातील रक्त वाटेतच पचून जात असल्याने ते तिच्यात सहसा सापडत नाही.

मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा लहानशा गाठीतून कित्येक वर्षांत वाढतो. या काळात तो सापडला, तर रोगी वाचू शकतो. अमेरिकेतील मिनेसोटा येथे ५० ते ८० वर्षे वयाच्या सुमारे ४६,५०० व्यक्तींचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. दरवर्षी तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जपानने १९९२ पासून अशी देशव्यापी तपासणी सुरू केली.

रक्त आढळले म्हणजे कर्करोगच झाला, असे नव्हे. मूळव्याध, जठरातील व्रण, तसेच अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांतून शरीरात शिरणारे अंकुशकृमी हीही कारणे असू शकतात. निदानासाठी दुर्बिणीने आतडे पाहणे आवश्यक ठरते. उलट, रक्त न आढळल्यासही निर्धास्त राहू नये. रक्तस्राव अधूनमधून होत असल्याने तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करावी.

वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी आणि कुटुंबात हा रोग झालेल्यांनी त्याआधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मलाविषयी बोलण्याचा संकोच अनेकांना वाटतो. हा संकोच सोडला, तर एखाद्या घरातील कर्ता माणूस वेळीच वाचू शकेल.