कोरीव काम खोल-उथळ का होते?

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र. हौशी कारागिराच्या टेबलावर मावणाऱ्या या यंत्रास ३ मिलिमीटर खोल अक्षरे कोरण्यास सांगावे, तर कधी एका टोकास ३ व दुसऱ्या टोकास २ भरतात, आणि सागाची फळी वाया जाते. लगेच यंत्राच्या मांडणीत हात घालण्याची घाई आम्हांस पसंत नाही. चूक कोणत्या जातीची, हे आधी मोजून पाहावे.

ती सर्वत्र सारखी असेल, तर शून्यबिंदू नीट धरलेला नाही. एका बाजूस वाढत असेल, तर खालचे पाट समपातळीत नाही. (आमच्याकडील पावसाळ्यात एमडीएफचे पाट फुगते, हेही ध्यानी असावे!) काम चालता चालता खोली वाढत गेल्यास कटर पकडीतून खाली सरकत असावा, भुसा वर फेकणारी सर्पिल धार कटरला लाकडात ओढते.

चूक खोलीच्या प्रमाणातच असेल, तर गणिताकडे वळावे. नेहमीची मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. प्रत्येकाचे १६ भाग केले की ३२०० होतात. फेऱ्यास ८ मिलिमीटर सरकणाऱ्या स्क्रूला मिलिमीटरमागे ४०० भाग लागतात; ४ मिलिमीटर सरकणाऱ्यास ८००. दुसरा स्क्रू बसवून आकडा ४०० च ठेवला, तर १० सांगून ५ च मिळणार.

कटर लाकडापासून दूर ठेवून १० मिलिमीटर खाली उतरवावा व मोजावे. तेथे माप बरोबर आणि लाकडात उथळ, असे दिसल्यास कटर उतरण्याचा वेग कमी करावा.