एका लॉगिनमागे किती जण

सांगली, रविवार

चि. सई,

फोनवर सांगण्याऐवजी लिहून पाठवते आहे, म्हणजे कुठे अडलीस तर पुन्हा काढून वाचता येईल. तुझा प्रश्न एवढाच होता की होस्टेलच्या वायफायला लॉगिनचं पान येतं, फोन आणि लॅपटॉप त्यातून जातात, पण प्रोजेक्टचा ईएसपी-३२ बोर्ड काही केल्या जोडला जात नाही, तर छोटा राउटर घेऊ का. त्याच्याखाली तू लिहिलंस, ‘मैत्रीण म्हणते घे, कुणाला कळतही नाही.’ या शेवटच्या वाक्यानं मला स्वस्थ बसवेना. कॉलेजचं नेटवर्क मी वीस वर्षं सांभाळलं आहे. कळतं, सई. उशिरा कळतं, पण कळतं.

आधी बोर्ड का अडतो ते समजून घे. वायफायला जोडल्याबरोबर तुझ्या फोनला पत्ता मिळतो, पण बाहेरची वाट बंदच असते. फोन गुपचूप एका ठरलेल्या ठिकाणी छोटी विनंती पाठवतो. अँड्रॉइडला तिथून २०४ क्रमांकाचं रिकामं उत्तर हवं असतं, अ‍ॅपलच्या फोनला ‘सक्सेस’ एवढा शब्द लिहिलेलं पान. होस्टेलचा गेटवे ही विनंती मधेच अडवतो आणि स्वतःचं पान पुढे करतो. अपेक्षेपेक्षा वेगळं काही आलं की फोन ओळखतो, इथे लॉगिन करायचं आहे. तू नाव-पासवर्ड टाकलास की गेटवे बहुतेक वेळा तुझ्या उपकरणाचा मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळखक्रमांक, नोंदवतो आणि काही तासांसाठी वाट मोकळी करतो. तुझ्या बोर्डाला पडदा नाही, ब्राउझर नाही. समोर आलेलं पान तो वाचणार कसं आणि भरणार कसं? तो बिचारा दारातच उभा राहतो.

राउटर मधे आला की गेटवेला फक्त राउटरचा मॅक अ‍ॅड्रेस दिसतो. मागच्या सगळ्या उपकरणांची रहदारी राउटर स्वतःच्या एकाच पत्त्यावरून बाहेर नेतो. म्हणून आतल्या कुठल्याही एका फोनवरून लॉगिन केलं की बोर्डही चालतो, लॅपटॉपही चालतो आणि शेजारच्या खोलीतल्या मुलीचा टॅबही चालतो. होस्टेलच्या फाटकावरच्या वहीत तू एकटीनं सही करावीस आणि तुझ्यामागून पाच जणींनी आत जावं, तसं हे आहे. वहीत नाव एकच राहतं, तुझं.

हे मी घाबरवायला लिहीत नाही, असं खरंच घडलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. तपासाचा माग नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका परदेशी गृहस्थाच्या घरी पोचला. त्याचा स्फोटांशी काही संबंध नव्हता. त्याचं वायफाय उघडं होतं आणि ते कुणी दुसऱ्यानंच वापरलं होतं. तरी पोलीस त्याच्याच दारात आले, संगणक त्याचाच ताब्यात गेला, चौकशीला त्यालाच सामोरं जावं लागलं. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवायच्या सूचना दिल्या. स्टेशनवर, हॉटेलात, तुझ्या होस्टेलमध्ये ओटीपी नाहीतर नाव-पासवर्ड मागतात, त्यामागे हेही एक कारण आहे. लॉगिनचं पान त्रास द्यायला ठेवलेलं नाही. कोण आत आलं याची जबाबदारी कॉलेजवर असते, आणि तू राउटर लावलास की त्यातला एक तुकडा तू आपल्या डोक्यावर घेतेस.

म्हणून पहिलं काम खरेदीचं नाही. संगणक विभागात जाऊन नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेट. बोर्डाचा मॅक अ‍ॅड्रेस कागदावर लिहून ने, प्रोजेक्ट कोणता, गाइड कोण, किती महिने लागेल ते सांग. तो एक पत्ता लॉगिनशिवाय सोडण्याची सोय बहुतेक गेटवेंमध्ये असते. माझ्याकडे अशी मुलं यायची तेव्हा मला बरंच वाटायचं, दहा मिनिटांत त्यांचं काम व्हायचं. तुझंही असं झालं तर राउटरचे पैसे वाचले.

ते नाही जमलं आणि त्यांनी राउटरला परवानगी दिली, तरच पुढचं वाच.

भिंतीतून आलेली केबल राउटरच्या वॅन पोर्टमध्येच लाव. लॅन पोर्टमध्ये कधीही नाही. एका वर्षी सबमिशनच्या आदल्या दिवशी आमच्या होस्टेलचा अख्खा मजला बंद पडला. मुलांच्या लॅपटॉपना पत्ते मिळत होते, पण भलतेच. एका मुलानं केबल चुकून लॅन पोर्टला लावली होती, आणि त्याचा राउटर सगळ्या मजल्याला पत्ते वाटत सुटला होता. खोली-खोली फिरत तो डबा सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्यानं कुणाला विचारलं नव्हतं, त्यामुळे कुठे शोधायचं ते आम्हालाही माहीत नव्हतं. त्या दिवशी रडवेली झालेली मुलं मला अजून आठवतात.

केबल नसेल तर काही राउटर होस्टेलचं वायफाय पकडून आत स्वतःचं वायफाय देतात. मेनूत त्याला डब्ल्यूआयएसपी मोड म्हणतात. त्यात एक गैरसमज फार आढळतो. आतल्या वायफायला तू डब्ल्यूपीए-२ चा भक्कम पासवर्ड लावतेस आणि सगळंच सुरक्षित झालं असं वाटतं. तो पासवर्ड फक्त बोर्ड ते राउटर एवढ्या अंतरापुरता असतो. राउटर ते होस्टेलचं वायफाय हा टप्पा उघडा असेल तर उघडाच राहतो. म्हणून बोर्डाचं मोजमाप सर्व्हरला पाठवताना एचटीटीपीएसच वापर, आणि लॉगिनच्या पानाचा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेला नसू दे. खऱ्यासारखं दिसणारं खोटं लॉगिन पान मांडणं अवघड नसतं.

लॉगिनचं पानच उघडेना, असं एकदा तरी होईलच. तेव्हा राउटर बदलायला धावू नकोस. आधी आतले आणि बाहेरचे पत्ते एकाच मालिकेतले आहेत का ते बघ. दोन्हीकडे १९२.१६८.१ असेल तर राउटरला आत-बाहेर कळत नाही. आतला बदलून १९२.१६८.८.१ कर. डीएनएस हातानं भरला असशील तर तो ऑटोमॅटिकवर ने, कारण लॉगिन पानाचं नाव पुष्कळदा होस्टेलच्या स्वतःच्या डीएनएसलाच माहीत असतं. ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरमध्ये आणखी एक गोष्ट आड येते. बाहेरच्या नावाला खाजगी पत्ता मिळाला की ते उत्तर तो संशयानं टाकून देतो, तेव्हा पोर्टलचं नाव त्याच्या अपवादांत घालावं लागतं. आणि एचटीटीपीएसच्या साइटवरून लॉगिनकडे जाऊ नकोस. गेटवेला ती जोडणी बिनबोभाट वळवता येत नाही, नुसता प्रमाणपत्राचा इशारा येतो. साध्या एचटीटीपीचं एखादं पान उघडलंस की लॉगिन समोर येईल.

मॅक क्लोनिंग कुणीतरी शिकवेलच. दुसऱ्याच्या उपकरणाचा मॅक अ‍ॅड्रेस आपल्या राउटरला कधी देऊ नकोस. ती त्याच्या नावानं केलेली सही आहे.

राउटरचा मूळचा अ‍ॅडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल, डब्ल्यूपीएस बंद ठेव. तुझा बोर्ड २.४ गिगाहर्ट्‌झवरच बोलतो, आणि तिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११ हेच. शेजारच्या खोल्यांत कमी वापरलेला असेल तो घे. आणि वायफायचा पासवर्ड मैत्रिणींना देऊ नकोस. तुला हे जड जाईल ते मला माहीत आहे. नाही म्हणणं तुला लहानपणापासून जमत नाही. ‘हे प्रोजेक्टसाठी सरांनी दिलंय, माझ्या नावावर आहे’ एवढंच सांग. त्यांच्याकडे स्वतःचं लॉगिन आहेच.

संगणक विभागाला द्यायच्या अर्जाचा मसुदा सोबत जोडला आहे, त्यात मॅक अ‍ॅड्रेसची जागा मोकळी ठेवली आहे. दादा परवाच विचारत होता, सईच्या प्रोजेक्टचं, मातीतला ओलावा मोजायचं यंत्र कुठवर आलं. त्याच्या तासगावच्या द्राक्षबागेत लॉगिनचं पान नाही, तिथे सिमवरच चालवू. ऑक्टोबर छाटणीच्या आधी दोन बोर्ड तरी मातीत बसले, तर ठिबक कधी सोडायचं हे त्याला या हंगामातच बघता येईल. सर काय म्हणाले ते कळव.

तुझी,
आत्या