स्वार्थ, परार्थ आणि अवधूतांचे गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या महाप्रसादाची शेवटची पंगत उठल्यावर आम्ही चार-पाच सेवेकरी पत्रावळी गोळा करत होतो. आमच्यात कॉलेजात शिकणारा एक मुलगा होता. त्याने सहज विचारलं, "काका, लोकांना वाढून झालं की तुम्हाला बरं वाटतं ना? मग ही सेवा तुमच्या समाधानासाठीच झाली. म्हणजे स्वार्थच की!" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून जाईना.

प्रश्न नवा नाही. इंग्लंडात थॉमस हॉब्स (१५८८–१६७९) नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. माणूस मुळात स्वतःचंच हित पाहतो, असं त्याचं म्हणणं. त्याची एक गोष्ट सांगतात. लंडनच्या रस्त्यात त्याने एका थकलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्याला भीक घातली. सोबतच्या धर्मगुरूने कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला की म्हाताऱ्याचे हाल पाहून मला त्रास होत होता. त्याला आराम पडला, तसा मलाही पडला. म्हणजे आमच्या त्या मुलाचाच मुद्दा!

याला पुढच्या शतकात जोसेफ बटलर या धर्मोपदेशकाने १७२६ साली छापलेल्या आपल्या प्रवचनांत उत्तर दिलं. ते मला माझ्या बँकेच्या भाषेत समजलं. खात्यात मुद्दलच नसेल तर व्याज कुठून पडणार? दुसऱ्याचं भलं व्हावं ही इच्छा म्हणजे मुद्दल आणि नंतर मिळणारं समाधान म्हणजे व्याज. भुकेल्याबद्दल मनात काहीच नसतं, तर तो जेवल्याचा आनंद तरी का झाला असता? तेव्हा आनंद होतो एवढ्यावरून सेवा स्वार्थी ठरत नाही. उलट, आत कुठेतरी मुद्दल जमा आहे, याची ती पावती असते.

आपल्याकडे हा विषय याहून खोल गेला आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात की पती, पत्नी, पुत्र, धन, सगळं प्रिय होतं ते आत्म्यासाठी. वरवर वाचलं तर हॉब्सच बोलतोय असं वाटावं. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त या दोघांतला फरक दाखवला आहे. 'स्वार्थ' या शब्दातला 'स्व' केवढा, हा खरा प्रश्न. हॉब्सचा 'स्व' एका देहापुरता. याज्ञवल्क्यांचा आत्मा सर्वांभूती एकच. तो 'स्व' कळला की स्वार्थ आणि परार्थ यांचं भांडणच राहत नाही.

पण हे कळायचं कसं? इथे आपले अवधूत मदतीला येतात. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. हे अवधूत म्हणजेच श्रीदत्तप्रभू, अशी आपली श्रद्धा. त्यांतला पहिला गुरू पृथ्वी. पृथ्वीवरचे डोंगर आणि झाडं पाहून दुसऱ्यासाठी जगायला शिकावं, असं ते सांगतात. सूर्य किरणांनी पाणी घेतो आणि वेळ आली की देऊन टाकतो, त्यात अडकत नाही. मधमाशी मात्र साठवत बसते आणि मध नेणारा तिसराच असतो.

मला सर्वांत विचारात पाडतो तो कपोत, म्हणजे कबुतर. पिल्लं जाळ्यात सापडली म्हणून मादी झेपावली आणि तिच्या मागोमाग तोही जाळ्यात पडला. आपण याला त्याग म्हणू. अवधूत मात्र त्याला आसक्तीचं उदाहरण म्हणून पुढे ठेवतात. प्रेम घरट्यापुरतं राहिलं तर तेही बांधून ठेवतं. जीव मोठा होतो तो कबुतराकडून झाडाकडे जाताना.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बारा वर्षांपूर्वी पत्नीच्या आजारपणात मी अकरा गुरुवार मठात पंगतीला वाढण्याचा संकल्प केला होता. ती बरी व्हावी, एवढाच हेतू. नववा गुरुवार झाला आणि दोन दिवसांनी ती गेली. सुतक फिटल्यावरही पाय मठाकडे वळेनात. जन्मभर नावे-जमा केलेला माणूस मी. मनात हिशेब चालू होता, नऊ गुरुवार भरले, पदरात काय पडलं? शेवटी संकल्प अर्धा ठेवू नये एवढ्यासाठी गेलो. पंगतीत एक म्हातारा म्हणाला, "जरा गरम आमटी घाल बाबा, कालपासून पोटात काही नाही." मी वाढली. त्या क्षणी नवस आठवला नाही, नशिबाला दोष आठवला नाही. आमटी त्याच्या हातावर सांडू नये, एवढंच मनात होतं. घरी आल्यावर कितीतरी दिवसांनी बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाजही वाटली. आज वाटतं, ते न मागता पडलेलं व्याज होतं. अकरा गुरुवार झाले, बारावाही झाला. मग मी मोजणं सोडलं.

म्हणून नवसाने सेवा सुरू करणाऱ्याला मी कधी हसत नाही. दार कुठलंही असो, आत येणं महत्त्वाचं. फक्त दारातच बसून राहू नये. त्यासाठी अधूनमधून स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. देणगीदारांच्या फलकावर नाव नसतं तरी मी दिलं असतं का? कोणी आभार मानले नाहीत तर पुढच्या वेळी येईन का? आणि माझ्याऐवजी दुसऱ्याने वाढलं आणि भुकेला जेवला, तर मला तेवढाच आनंद होईल का? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. माझी वाढण्याची जागा दुसऱ्या कोणाला दिली की अजूनही मन थोडं खट्टू होतं. म्हणजे अभ्यास बाकी आहे.

त्या मुलाला यंदा भेटलो की सांगणार आहे, "बाळा, बरं वाटतं हे खरं. पण बरं वाटावं म्हणून आलो तर लवकर कंटाळा येतो. समोरच्याच्या ताटाकडे बघत वाढत जा. तुझं तुला मिळेल, आणि मिळालं की नाही हे बघायची आठवणही राहणार नाही."

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!