दोन वाटांनी येणारी वीज

इ. स. २०१९ च्या ऑगस्ट महिन्याचा पहिला आठवडा कोल्हापूरकरांच्या कायमचा स्मरणात राहील. कित्येक दिवस पावसाची संततधार लागली होती. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानलेली आहे. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. शहरातील सखल भाग आणि करवीर, शिरोळ या तालुक्यांतील अनेक गावे पुराने वेढली. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडून मालमोटारींच्या रांगा दिवसेंदिवस जागच्या जागी उभ्या राहिल्या. विजेची उपकेंद्रे व रोहित्रे पाण्यात गेली. पुष्कळ ठिकाणी अपघात टाळण्यासाठी वीज मुद्दाम बंद करावी लागली.

अशा रात्री ज्या घरी बॅटरी व इन्व्हर्टर होता, तेथे एखादा दिवा तेवत होता. त्याच काळात विजेचे वायरमन चिखलापाण्यातून, काही ठिकाणी नावेतून, खांबांपर्यंत पोहोचत होते. तारेत वीज नाही, या भरवशावर माणूस तिला हात घालतो. घरातला तो दिवा आणि खांबावरचा हा माणूस यांचा परस्परांशी काही संबंध असेल का? असतो, आणि तो जीवनमरणाचा असतो. तो समजण्यासाठी आपण क्षणभर एका निराळ्या घराकडे वळू. हे घर चाकांवरचे आहे. त्याला मुक्कामाच्या गावी वीज जोडावी लागते आणि निघताना सोडवावी लागते; म्हणून आपला प्रश्न तेथे अगदी स्पष्ट दिसतो.

चाकांवरचा संसार आपल्याला नवा नाही. यात्रांमधून हिंडणारे तमाशाचे फड आणि तंबूतले चित्रपट आपले जनित्र गाडीवर घालून आणीत. आता हौसेने प्रवास करणाऱ्यांसाठी झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या गाड्या निघाल्या आहेत. त्यांना ‘कॅराव्हॅन’ म्हणतात. अशा गाडीला मुक्कामाच्या जागी जी वीज बाहेरून मिळते, तिला ‘शोअर पॉवर’ म्हणजे ‘किनाऱ्यावरची वीज’ असे नाव आहे. कोल्हापुरात समुद्र कोठून आला, असे तुम्ही विचाराल. हे नाव जहाजांकडून आले आहे. समुद्रात असताना जहाज आपली वीज आपणच निर्माण करते. धक्क्याला लागल्यावर मात्र ते आपली जनित्रे थांबवून जाड तारेने किनाऱ्यावरची वीज घेऊ शकते. गाडीवाल्यांनी पद्धत उचलली आणि तिच्याबरोबर नावही उचलले.

समजा, एक कुटुंब अशा गाडीतून पन्हाळा व जोतिबा पाहून सायंकाळी कोल्हापुरात मुक्कामाला आले. गाडीत १२ व्होल्टची बॅटरी आहे. तिच्यातील प्रवाह एकाच दिशेने वाहतो. घरातील विजेचा प्रवाह मात्र सेकंदाला ५० आवर्तने करीत दिशा बदलतो आणि त्याचा दाब सुमारे २३० व्होल्ट असतो. बॅटरीच्या विजेला हे रूप देणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर. मुक्कामाच्या जागी वायरिंगचे काम जाणणारे एक काका तार जोडू लागले, तेव्हा गाडीतील मुलीने विचारले,

“काका, बाहेरची वीज आणि आमच्या इन्व्हर्टरची वीज एकदम सुरू केली, तर वीज दुप्पट होईल ना?”

काका हसून म्हणाले, “नाही बाळ. जोतिबाची पालखी पाहिलीस ना आज? पालखी खांद्यावर घेणारे पाऊल जुळवून चालतात. एकाचे पाऊल पुढे आणि दुसऱ्याचे मागे पडले, तर पालखी कलंडेल. या दोन विजांची पावले कोणी जुळवलेली नाहीत. त्या एकमेकींवर आदळल्या, की तुमचा इन्व्हर्टर जळून जाईल, आगही लागेल.”

“मग दोन्ही कशा वापरायच्या?”

“एका वेळी एकच. त्यासाठीच हे चेंजओव्हर स्विच आहे. दांडा वर केला की बाहेरची वीज, खाली केला की इन्व्हर्टरची. मधे दोन्ही बंद. एकच दांडा एका वेळी वर आणि खाली असूच शकत नाही.”

या साध्या दांड्यात सर्व मर्म साठविलेले आहे. पुष्कळ इन्व्हर्टरांत हीच अदलाबदल आतल्या आत आपोआप होते. घराच्या छतावर सौरऊर्जेची जी यंत्रे वीजमंडळाच्या तारेशी जोडलेली असतात, ती मात्र तारेतील विजेशी पाऊल जुळवून घेतात आणि बाहेरची वीज जाताच स्वतः थांबतात, अशी त्यांची रचनाच असते. साध्या इन्व्हर्टरला वा जनित्राला हे ज्ञान नसते.

गाडीत आणखी एक चूक होऊ शकते. बाहेरची वीज नसताना बॅटरी भरणारा चार्जर इन्व्हर्टरच्याच विजेवर चालू राहिला, तर बॅटरी इन्व्हर्टरला, इन्व्हर्टर चार्जरला आणि चार्जर पुन्हा बॅटरीला वीज पुरवू लागतो. प्रत्येक फेरीत काही वीज उष्णता होऊन वाया जाते. पिळून झालेले चिपाड पुनःपुन्हा चरकात घातल्याने रस वाढत नाही, हे कोल्हापूरच्या मुलांना सांगावयास नको. म्हणून चार्जरला बाहेरचीच वीज द्यावी. बॅटरीचा साठाही मोजकाच असतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी फार तर १८०० वॉट-तास वीज देईल. तीवर दोन दिवे व एक पंखा रात्रभर चालतील. परंतु १५०० वॉटची विजेची शेगडी ती तासाभरातच रिकामी करील.

तार जोडण्याचा क्रमही ठरलेला आहे. प्रथम मुक्कामाच्या जागेचे बटण बंद करावे आणि चेंजओव्हरचा दांडा मधे आणावा. तारेचे टोक आधी गाडीला, मग बाहेरच्या जोडणीला लावावे. त्यानंतरच बटण सुरू करावे. निघताना बटण बंद करून हाच क्रम उलटा करावा. तारेचे वेटोळे पूर्ण उलगडावे, कारण वेटोळ्यातील तार तापते. जोड पावसाच्या पाण्यात पडू देऊ नये. अर्थिंगची तार तर कधीच वगळू नये. गाडी रबरी चाकांवर उभी असल्यामुळे तिचा जमिनीशी धड संपर्क नसतो. आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली आणि अर्थिंग नसले, तर गाडीचा सगळा पत्रा विजेने भारतो. आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दार उघडणाऱ्याच्या देहातून ती वीज वाट काढते.

आता आपण पुराच्या त्या रात्रीकडे परत येऊ. गाडीची तार सुटली की गाडी एकटी होते. घर मात्र खांबावरील तारांना जोडलेलेच राहते. वीज गेल्यावर काही लोक दोन्ही टोकांना प्लग लावलेली तार घेतात, तिचे एक टोक जनित्रात व दुसरे घरातील सॉकेटमध्ये खोचतात आणि मुख्य स्विच तसेच राहू देतात. घरात उजेड पडतो, परंतु तीच वीज मागच्या वाटेने बाहेरच्या तारेत शिरते.

डी. पी. वरचे रोहित्र ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घराजोगा करते. तेच रोहित्र उलट बाजूने वीज मिळाली, तर दाब चढवते. घरातून गेलेले २३० व्होल्ट पलीकडच्या तारांत हजारो व्होल्ट होऊन उभे राहतात. शेजारच्या घरांचा भार पडून छोटे यंत्र बंद पडेल, असे कोणी म्हणेल. परंतु तार मधेच तुटलेली असेल किंवा शेताच्या कडेला रोहित्र एकटे असेल, तर तो भार नसतोच. काम सुरू करण्यापूर्वी तारेत वीज नाही ना, हे तपासावे आणि तार जमिनीशी जोडून घ्यावी, असा वायरमनसाठी नियम आहे. तथापि त्याच्या सावधपणावर आपला निष्काळजीपणा सोपविणे हा कोठला न्याय?

“मी लक्षात ठेवून मुख्य स्विच बंद करीन,” असे आपण म्हणतो. परंतु काळोखात, घाईत आणि भीतीत स्मरण दगा देते. कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभे राहिलेले राधानगरी धरण आहे. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला पोहोचले, की ते कोणी हात न लावता उघडतात. पहारेकऱ्याला जाग येईल की नाही, यावर धरणाची सुरक्षितता सोडलेली नाही. चेंजओव्हरच्या दांड्यामागेही हाच विचार आहे. माणूस विसरला, तरी दोन विजांची भेट होऊ नये, अशी ती योजना आहे.

म्हणून घरी इन्व्हर्टर वा जनित्र बसविताना ते जाणकार वायरमनकडूनच आणि चेंजओव्हर लावूनच बसवावे. हा खर्च आपण घराच्या उजेडासाठी करतो, असे वाटते. खरे पाहता तो त्या अनोळखी माणसासाठी आहे, जो आपल्याच घरी उजेड यावा म्हणून भर पावसात खांबावर चढलेला असतो.

स्वाध्याय

१. ‘किनाऱ्यावरची वीज’ हे नाव कसे पडले?
२. दोन विजा एकत्र आल्यास काय होते? काकांनी दिलेल्या दृष्टान्ताच्या आधारे सांगा.
३. घरातील जनित्रामुळे खांबावरील वायरमनच्या जिवाला धोका केव्हा व कसा पोहोचतो?
४. राधानगरीच्या दरवाजांत आणि चेंजओव्हरच्या दांड्यात कोणते साम्य लेखकाला दिसते?
५. ‘स्मरणावर विसंबण्यापेक्षा रचनेवर विसंबावे’ या विचाराची आपल्या घरातील वा शाळेतील दोन उदाहरणे लिहा.