पडद्याआडचा सेवक

उबुंटू लिनक्सवर चालणारा संगणक सुरू होतांच मंदावूं लागला, तर प्रथम 'टॉप' ही आज्ञा देऊन प्रोसेसर व मेमरी कोण व्यापीत आहे तें पाहावें. पुष्कळदां तेथें 'अनअटेंडेड-अपग्रेड' हा सेवक आढळतो. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपण होऊन बसविणें हें त्याचें काम. त्याची मूळ वेळ सकाळीं ६ ते ७ ची. त्या वेळीं यंत्र बंद असल्यास राहिलेलें काम तो यंत्र सुरू झाल्यावर उरकूं लागतो. त्यास मध्येंच बळानें थांबवूं नये. दुरुस्ती अर्धवट राहून यंत्रणा बिघडण्याचा संभव असतो. त्याऐवजीं त्याच्या टायमरची वेळ बदलावी. यंत्र चालू, पण आपण भोजनास गेलेले, अशी वेळ उत्तम. सेवकास कायमचें काढल्यास वेग मिळेल खरा, परंतु घराचें दार उघडें राहील.