हिमनदीचा फोटो कसा काढू नये

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीच्या चुका सांभाळून घ्या. मागच्या उन्हाळ्यात वाकडहून आम्ही चौघं गंगोत्रीला गेलो. तिथून १८ किलोमीटर चालत गोमुख. सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीचं हे तोंड वर्षानुवर्षं मागे सरकतंय.

मी दोनशे फोटो काढले. होस्टेलवर येऊन जुन्या फोटोंशी ताडून बघायला बसलो, तर एकही उपयोगाचा नाही! कुठे उभा होतो, कॅमेरा कुठल्या दिशेला होता, काहीच लिहिलं नव्हतं.

म्हणून जाणाऱ्यांसाठी सांगतो. सुट्या दगडांवर नको, पक्क्या कातळावर उभे राहा. जागा, दिशा, तारीख वहीत लिहा. मागचा डोंगर फोटोत येऊ द्या, कारण तो सरकत नाही. दरवर्षी तोच महिना, तीच जागा. तोंडाजवळ मात्र जाऊ नका, बर्फ कोसळतो.

फोटोत बर्फाची जाडी किती घटली ते कळत नाही. त्यासाठी गोव्यातली ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था हिमालयात बर्फात बांबू रोवते. स्पितीत २०१६ पासून तिचं ‘हिमांश’ केंद्र आहे. बांबू जितका उघडा पडेल, तितका बर्फ वितळला. इतकं साधं गणित!

यंदा वही घेऊन पुन्हा जाणार आहे. कोण येतंय?